हल्दियाला येणारं जहाज आधी निम्मं रिकामं का करतात?

माझा भाचा पूर्वेकडच्या एका पोलाद कारखान्यात कच्च्या मालाच्या खात्यात नुकताच लागला. त्याचा प्रश्न असा: "मामा, ऑस्ट्रेलियाहून आमचा कोकिंग कोळसा घेऊन येणारं जहाज आधी विशाखापट्टणमला निम्मं उतरवतात आणि मग उरलेला माल हल्दियाला आणतात. दोन-दोन बंदरांचा खर्च कशासाठी? हल्दियाला पाणी किती खोल आहे म्हणून विचारलं तर रोज वेगळा आकडा मिळतो. आणि नदीत गाळ आहे तर एकदाच उपसून का टाकत नाहीत?"

त्याला फोनवर अर्धा तास सांगितलं. पण फोनवर आकडे हवेत जातात, म्हणून हे लिहून काढतोय. मी सव्वीस वर्षं बल्क कॅरियरवर, म्हणजे कोळसा-खनिजासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर काढली, शेवटची अकरा कप्तान म्हणून. हुगळीत किती वेळा शिरलो ते मोजलेलं नाही, पण पायलट, म्हणजे नदीतली वाट दाखवणारा माणूस, चढला की माझी भूक मरायची एवढं आठवतं.

तर बाबा, पहिली गोष्ट. "हल्दियाला खोली किती" हा प्रश्नच अर्धा आहे. "कोणत्या तारखेला, किती वाजता" हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही. न्हावाशेव्यालाही भरती-ओहोटी आहे, पण तिथे चॅनेल, म्हणजे जहाजांची वाट, खोल करून ठेवलाय आणि वर येणारी भरती हा बोनस आहे. हुगळीच्या मुखाशी भरती हेच भांडवल. ती चढते तेव्हा काही तास बंदराला खोली असते, ती उतरली की नसते.

नकाशा डोळ्यासमोर आण. कोलकाता समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून आत. तिथे मोठी जहाजं पोचेनात म्हणून खाली, शंभरेक किलोमीटरवर, हल्दी नदी हुगळीला मिळते तिथे नवी गोदी बांधली. ती 1977 साली सुरू झाली. पण हल्दियाही काही समुद्रावर नाही. जहाज जिथे पायलटची वाट बघत उभं राहतं त्या सँडहेड्सपासून हल्दिया सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आत आहे. सँडहेड्सला उभं राहिलास तर चारी दिशांना जमीन दिसत नाही, आणि पाणी मात्र चहात दूध कमी पडल्यासारखं. तिथून सागर बेटाच्या बाजूने, म्हणजे आपले लोक मकरसंक्रांतीला जिथे गंगासागराची यात्रा करतात त्या बेटाच्या बाजूने, वर यायचं. या वाटेत पाण्याखाली गाळ-वाळूचे आडवे दांडे आहेत. आम्ही त्यांना बार म्हणतो. ऑकलंड, जेलिंगहॅम ही त्यातली जुनी बदनाम नावं. सगळी वाट वीस मीटर खोल असली आणि एकाच बारवर पाच मीटर पाणी असलं, तर वाट पाच मीटरचीच.

हे आपल्या कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दाभोळच्या तोंडावर, वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे, आमचे तांडेल काय करायचे? मचवा बाहेर थांबवायचा, भरती चढू द्यायची आणि मग आत घुसायचं. भरतीची वेळ तिथीवरून: तिथीची पाऊणपट केली की तास मिळतो. अष्टमीला सहाला भरती, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराला. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे लहान भरती. हुगळीत नेमकं हेच करायचं, फक्त मचव्याऐवजी सव्वादोनशे मीटर लांबीचं लोखंड असतं आणि तिथीचा हिशेब बंदराचं खातं करतं. ते लोक दीड-एक महिना आधी रोजचा अंदाज काढतात, अमुक तारखेला अमुक ड्राफ्टचं जहाज आत घेऊ. ड्राफ्ट म्हणजे जहाजाचा तळ पाण्याखाली किती आहे ते. तुला रोज वेगळा आकडा मिळतो तो हाच. कारकून टाळाटाळ करत नाहीये, आकडाच रोज वेगळा आहे. उधाणाला वर जातो, भांगाला खाली येतो, पुन्हा वर. नदीच्या मुखाकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, म्हणजे दीड मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं.

त्यात ऋतूही आहे. पावसाळ्याच्या शेवटी बंगालच्या उपसागराच्या या कोपऱ्यात पाण्याची सरासरी पातळीच चढलेली असते, हिवाळ्यात ती बरीच खाली जाते. त्यामुळे सप्टेंबरातलं उधाण आणि फेब्रुवारीतलं उधाण एक नव्हे.

आता तुझ्या कोळशाचा हिशेब करू. पनामॅक्स जहाज म्हणजे पंचाहत्तर हजार टन माल, पूर्ण भरल्यावर ड्राफ्ट चौदा मीटरच्या जवळपास. हल्दियाचा अंदाज समज आठ मीटरचा आहे. सहा मीटर कमी करायचे. अशा जहाजाला एक सेंटिमीटर वर उचलायला साधारण 65 टन माल काढावा लागतो. सहाशे सेंटिमीटर गुणिले 65, झाले 39 हजार टन. एवढा माल विशाखापट्टणमला उतरल्याशिवाय ते हल्दियाच्या वाटेला लागूच शकत नाही. बघ, "निम्मं" हे कोणी लहर आली म्हणून ठरवलेलं नाही. कधी विशाखापट्टणमऐवजी पारादीप किंवा धामरा असतं. कधी बंदरात न जाता सागरजवळ किंवा कनिका सँड्सजवळ भर समुद्रात तरंगत्या क्रेनने माल लहान जहाजांत आणि बार्जांत काढतात. पण ते हवामान बरं असेल तेव्हाचं काम. नैऋत्य मोसमी वाऱ्यात दोन जहाजं एकमेकांना लागून डुलायला लागली की मधले फेंडर, म्हणजे धक्का सोसणाऱ्या गाद्या, फाटतात आणि डोकी तापतात.

मग सगळा माल विशाखापट्टणमलाच का उतरवत नाहीत? कारण तिथून दुर्गापूर, बर्नपूर, बोकारो, जमशेदपूर रेल्वेने लांब. हल्दियाहून वाघिणीचं भाडं कितीतरी कमी पडतं. जहाजाचं दुसऱ्या बंदराचं बिल, पायलटेज, दोन-चार दिवसांचं भाडं हे सगळं धरूनही टनामागे वाचतं, म्हणून हा उद्योग चालू आहे. ज्या दिवशी वाचणार नाही त्या दिवशी कोणी हुगळीत पाऊल टाकणार नाही, आणि गेल्या काही वर्षांत धामरासारख्या खोल बंदरांनी हल्दियाचा बराच माल खेचला तो याच गणिताने.

इथपर्यंत सोपं. खरी मजा शेवटच्या वीस-तीस सेंटिमीटरमध्ये आहे.

समुद्राचं पाणी खारं म्हणून जड, नदीचं गोडं म्हणून हलकं. हलक्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. समुद्राची घनता घनमीटरला 1025 किलो, अगदी गोड्या पाण्याची 1000, हल्दियाकडे समज 1005. जहाजाच्या कागदावर गोड्या पाण्यासाठी किती जास्त बुडेल ते लिहिलेलं असतं, पनामॅक्सला तीनशे मिलिमीटरच्या वर. नवा पोरगा तोच आकडा उचलतो आणि चुकतो. तो आकडा पूर्ण भरलेल्या जहाजाचा. आपलं जहाज निम्मं रिकामं आहे. त्याचं एकूण वजन समज 47 हजार टन, या ड्राफ्टला सेंटिमीटरमागे 62 टन. वजन भागिले सेंटिमीटरच्या टनांची चौपट केलं की 190 मिलिमीटर येतात. त्यातले पंचवीसात वीस धरायचे, कारण पाणी अगदी गोडं नाही, समुद्राशी फरक 25 चा नसून 20 चा आहे: 152 मिलिमीटर. म्हणजे समुद्रात मोजलेला ड्राफ्ट नदीत आपोआप पंधरा सेंटिमीटर वाढणार. एवढं बुडणं म्हणजे सुमारे 940 टन कोळसा, चौदा-पंधरा वाघिणी. ही घनता कशी मोजतात? कॅडेट दोरीला बादली बांधून खाली सोडतो, पाणी वर आणतो आणि त्यात काचेचं हायड्रोमीटर तरंगत ठेवतो. भांड्याच्या कडेला चिकटलं तर बोटाने हलकं फिरवतो, थांबलं की डोळे पाण्याच्या रेषेत आणून वाचतो. एवढ्या मोठ्या जहाजाचा हजार टनाचा प्रश्न त्या बादलीत असतो.

दुसरं, वेग. उथळ पाण्यात जहाज चालायला लागलं की खाली बसतं. तळाखालून पाणी जोराने मागे जातं, दाब कमी होतो, जहाज ओढलं जातं. याला स्क्वॉट म्हणतात. अंदाजाचं साधं सूत्र वापरलं तर दहा नॉट वेगाला पाऊण मीटरहून जास्त, पाच नॉटला वीस सेंटिमीटरच्या थोडं वर. वेग निम्मा केला की बसणं चौथाई होतं. तिसरं, कलणं. जहाज 32 मीटर रुंद आहे. वळणावर सुकाणू जोरात फिरवलं आणि जहाज एकच अंश कललं, तरी एका बाजूचा तळ 28 सेंटिमीटर खाली जातो.

आणि इथे पायलटची कसरत. भरतीची लाट समुद्राकडून वर सरकत असते. सागरला पाणी पूर्ण चढलं की हल्दियाला ते पोचायला तासाहून जास्त, कोलकात्याला चारेक तास. त्या लाटेच्या माथ्यावर बसून वर जायचं असतं, म्हणजे पळायला हवं. पण बारवर पळालं तर जहाज बसतं, म्हणून तिथे हळू. फार हळू केलं तर सुकाणू ऐकत नाही आणि प्रवाह आडवं ढकलतो. या सगळ्याचा मेळ कागदावर बसत नाही, तो त्या माणसाच्या डोक्यात असतो. हुगळीचे पायलट ही इंग्रजी कंपनीच्या काळापासूनची वेगळी जात आहे. वर्षानुवर्षं शिकून तयार होतात, आणि शिकलेलं जुनं होतं, कारण नदी बदलते. नकाशावर जिथे हिरवं बोयं, म्हणजे वाटेची तरंगती खूण, आहे तिथे पुढच्या खेपेला ते असेलच असं नाही.

एक पायलट मला आठवतो. बारीक अंगाचा, साठीला टेकलेला, गळ्याला मफलर. तळाखाली पाणी किती ते दाखवणाऱ्या इको साउंडरकडे तो फार बघायचाच नाही. बार आला की तो ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, बाहेरच्या पंखावर जाऊन मागे बघायचा. तळाखाली पाणी कमी झालं की जहाज अंग चोरतं: इंजिन तेवढंच फिरतंय पण वेग पडतो, सगळ्या जहाजाला बारीक कापरं भरतं, कपातला चमचा वाजायला लागतो, आणि मागची पाण्याची रेघ मातकट होऊन उंच उठते. ती रेघ बघून तो सुकाणूवरच्या हेल्म्समनला "मिडशिप्स", म्हणजे सुकाणू सरळ कर, म्हणायचा आणि माझ्याकडे वळून विचारायचा, "कॅप्टनसाब, चाय?" साउंडरवर तेव्हा दशांशाच्या आधीचा आकडा शून्य असायचा.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे सेंटिमीटर का मोजतात ते कळेल. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात अर्धा माल उतरवून आम्ही रात्री निघालो. धक्क्यावर उसळ होती. मागचा ड्राफ्ट टॉर्चच्या उजेडात वाचला, पाणी आकड्यावर फूटभर वरखाली होत होतं. चीफ ऑफिसर म्हणाला, सर, पंधरा मिनिटं थांबू, पुन्हा वाचू. एजंटची घाई, धक्क्यावर दुसरं जहाज येणार, मी म्हटलं चल, ठीक आहे. सँडहेड्सला सकाळी पाणी तेलासारखं शांत. बोट उतरवून वाचलं तर बारा सेंटिमीटर जास्त. उरलासुरला बॅलास्ट, म्हणजे तोल राखायला टाक्यांत घेतलेलं पाणी, काढला, प्यायचं पाणी मोजकं ठेवून बाकीचं सोडलं, इंधन पुढच्या टाकीत घेऊन जहाज समतल केलं. तरी सहा सेंटिमीटर उरले. सहा सेंटिमीटर म्हणजे पावणेचारशे टन, आणि कोळसा काही समुद्रात फेकता येत नाही. उधाण उतरणीला लागलेलं, उद्याचा अंदाज आजच्यापेक्षा कमी, परवाचा त्याहून कमी. नऊ दिवस नांगर टाकून बसलो. जहाज भाड्याने घेतलेल्या कंपनीच्या ऑफिसातून आलेल्या मेलची भाषा इथे देत नाही. चीफने मात्र एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. त्याने ते म्हणावं म्हणून मी नऊ दिवस वाट बघत होतो.

हल्दियाला पोचल्यावर अजून एक दार आहे, अक्षरशः. कोळशाची बरीचशी जहाजं गोदीच्या आत जातात, आणि गोदीत जायला एकच लॉक आहे, चाळीस मीटरच्या आत रुंदीचं. बाहेर नदीचं पाणी वरखाली होतं, आत गोदीत ते अडवून ठेवलेलं. लॉकमध्ये जहाज घ्यायचं, मागचा दरवाजा बंद, पातळी सारखी करायची, पुढचा उघडायचा. टगच्या, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटींच्या, मदतीने 32 मीटर रुंदीचं जहाज त्यात सरकवताना दोन्ही बाजूंना चार-चार मीटरही उरत नाहीत. एकेका जहाजाला वेळ लागतो, म्हणून एका भरतीत मोजकीच आत-बाहेर होतात. तुझं जहाज ड्राफ्टला बसलं तरी रांगेत कितवं आहे तेही विचारत जा. तेलाची जहाजं नदीवरच्याच जेट्टींना लागतात. त्यांना लॉक नाही, पण तिथे प्रवाह दिवसातून चारदा फिरतो आणि दोरखंडांवर रात्रंदिवस माणूस ठेवावा लागतो.

आता गाळ. "एकदाच उपसून का टाकत नाहीत" हे मीही कॅडेट असताना विचारलं होतं.

गंगेचा गाळ हिमालयातून येतो हे पाठ्यपुस्तकात आहेच. पण हुगळीच्या मुखाशी बराचसा गाळ समुद्राकडून वर येतो, हे ऐकून माणसं चकित होतात. या नदीत भरती थोड्या वेळात जोराने चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते. कोलकात्याला तर चारेक तास भरती आणि आठेक तास ओहोटी. जोराचं पाणी गाळ ढवळून वर नेतं, संथ पाणी तो सगळा परत आणू शकत नाही. त्यात खारं आणि गोडं पाणी मिसळतं तिथे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि खाली बसतात. पावसाळ्यात वरून पूर आला की थोडं धुऊन निघतं, पुढचे आठ महिने पुन्हा भरणं चालू. म्हणजे तू आज उपसलेला खड्डा हा नदीच्या दृष्टीने गाळ टाकायची आयती जागा. ड्रेजर वर्षभर नळी लावून ओढत असतो, पोट भरलं की जाऊन रिकामं करतो आणि परत येतो. जिथे रिकामं केलं तिथला गाळही काही प्रमाणात पुढच्या भरतीबरोबर घरी येतो. हा खर्च बंदराला झेपत नाही, केंद्र सरकारला त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे द्यावे लागले.

वरून पाणी सोडून धुवायचा उपायही झालाच. गंगेचं मुख्य पाणी पद्मेकडे, म्हणजे आजच्या बांगलादेशाकडे वळलं होतं आणि कोरड्या दिवसांत हुगळीला वरून जवळजवळ काही मिळत नसे. म्हणून फराक्का बंधारा बांधला, 1975 साली चालू झाला. सुमारे 38 किलोमीटरच्या कालव्याने सेकंदाला 40 हजार घनफूट पाणी वळवायचं, अशी योजना. बंगालमधल्याच कपिल भट्टाचार्य नावाच्या अभियंत्याने याला आधीपासून विरोध केला होता, आणि त्याबद्दल त्यांना देशद्रोही ठरवण्यापर्यंत लोकांची मजल गेली. माझं मत विचारशील तर फराक्काचा उपयोग कोलकात्याच्या बाजूला झाला, पाणी गोडं राहिलं, पण हल्दियाच्या खाली नदी इतकी रुंद होते आणि भरतीचं पाणी इतकं प्रचंड असतं की त्यात हे 40 हजार घनफूट म्हणजे हंड्यात पेलाभर. बदल्यात वरच्या अंगाला हिलसा मासा जायचा थांबला, आणि बांगलादेशाशी पाण्याचं भांडण लागलं. त्यावर 1996 मध्ये तीस वर्षांचा करार करावा लागला.

या नदीचं डोकं कसं चालतं ते शोधायला आपल्या पुण्याच्या माणसांनीही बराच घाम गाळलाय. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात हुगळीची छोटी प्रतिकृती करून, त्यात भरती-ओहोटी खेळवून, कुठे बांध घातला तर प्रवाह कुठे वळेल याचा अभ्यास झाला. हल्दियासमोर नयाचर नावाचं बेट गाळातून वर आलेलं आहे. त्याच्या टोकाला प्रवाह वळवायला दगडी भिंत घातली. थोडं सुधारलं, थोडं दुसरीकडे बिघडलं. खाली लोहाचारा बेट पाण्यात गेलं, घोडामारा वर्षागणिक झिजतंय. नदी एका हाताने बेट खाते आणि दुसऱ्या हाताने बेट घालते. शेवटी ऑकलंड-जेलिंगहॅमच्या मागे लागून पैसे घालण्यापेक्षा, नदीने आपणहून खोल केलेली बाजूची ईडन चॅनेलची वाट वापरायला घेतली. मला त्यातला शहाणपणा आवडला. आमचे तांडेलही खाडीचं तोंड बदललं की काठी घेऊन नवी वाट शोधायचे, जुनी खणत बसायचे नाहीत. ती वाट किती वर्षं टिकेल ते मात्र नदीवर आहे.

तेव्हा तुझ्या टेबलावर जहाज ठरवायचं काम आलं की एवढं कर. जहाज सँडहेड्सला कोणत्या पंधरवड्यात पोचतंय ते पंचांगात बघ, हसू नकोस, खरंच बघ. एजंटकडून त्या सगळ्या पंधरवड्याचा अंदाज मागव, एका तारखेचा नको. उधाणाच्या दोन-तीन दिवस आधी पोचणारं जहाज पकड, उतरणीला पोचणारं नको. जानेवारी-फेब्रुवारीचं असेल तर विशाखापट्टणमला हजार-दीड हजार टन जास्तच उतरवायला सांग, रेल्वेचं भाडं थोडं वाढेल. आणि तिथून जहाज सुटताना ड्राफ्ट दिवसाउजेडी, पाणी शांत असताना, दोनदा वाचलाय की नाही ते कप्तानाला विचार. रागावला तर माझं नाव सांग.